थारथुएला: स्पॅनिश संगीत नाटक ऐकायला-बघायला सुरुवात कुठून करायची

संगीत नाटकाचं वेड असलेलं कुणी भेटलं की मी थारथुएलाचा विषय काढतेच, आणि समोरून दर वेळी एकच प्रश्न येतो, "ऐकायचंय गं, पण सुरुवात कुठून करू?" म्हणून एकदाचं सगळं नीट लिहून काढतेय.

थारथुएला म्हणजे स्पेनचं संगीत नाटक. पात्रं बोलतात, मधेच गातात, परत बोलायला लागतात. १७व्या शतकात माद्रिदच्या राजदरबारात हे सुरू झालं, काल्देरोन दे ला बार्कासारख्या मोठ्या नाटककाराने त्यासाठी लिहिलं, नंतर इटालियन ऑपेराची लाट आली आणि हे मागे पडलं, आणि १८५०च्या आसपास असं काही उसळून वर आलं की पुढची ऐंशी-एक वर्षं स्पेनमधला शिंपी, न्हावी, मोलकरीण, वकील सगळे हीच गाणी गुणगुणत होते. आपलं 'संगीत शाकुंतल' १८८०चं. साधारण त्याच काळात माद्रिदच्या थिएटरांमधे रोज रात्री एकामागून एक थारथुएला लागत होत्या. म्हणजे आपले आणि त्यांचे लोक एकाच वेळी हेच करत होते, एकमेकांचा पत्ता नसताना.

आणि एवढं असून आज स्पेनच्या बाहेर फारसं कुणाला माहीत नाही. जगभरची ऑपेरा हाऊसेस इटालियन करतात, जर्मन करतात, रशियन, चेक सगळं करतात, थारथुएला क्वचितच. एक कारण म्हणजे संवाद भरपूर आणि तेही माद्रिदच्या ठसकेबाज बोलीत, त्यामुळे बाहेरच्या गायकांची गाडी तिथेच अडते. दुसरं, १९५०च्या दशकानंतर नवीन लिहिणं जवळजवळ थांबलंच. आणि खुद्द स्पेनमधेही बरेच जण याला आजी-आजोबांच्या वेळचं म्हणून बाजूला ठेवतात. मला हे फार लागतं, कारण नाटक म्हणून आणि संगीत म्हणून यातलं किती तरी आजही एकदम ताजं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवते, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. सुट्या गाण्यांपासून सुरुवात करू नका. बहुतेक जण एखाद्या प्रसिद्ध टेनरचा (म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा) थारथुएला अल्बम लावतात, दोन-चार गाणी छान वाटतात, मग सगळी सारखीच वाटायला लागतात आणि विषय संपतो. नाट्यपदं आपण सुटी ऐकू शकतो कारण सुभद्रा कोण, अर्जुन संन्यासी का झालाय हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. इथे ते ठाऊक नाही. त्यामुळे आधी नाटक, मग गाणं.

## काय काय लागेल

- बऱ्यापैकी हेडफोन (कोरस आणि संवाद एकदम चालू असतात, फोनच्या स्पीकरवर नुसता गोंगाट होतो)
- फोनच्या कीबोर्डमधे स्पॅनिश भाषा, सर्च करायला
- निवडलेल्या नाटकाचा लिब्रेतो, म्हणजे संहिता, पीडीएफमधे
- इंग्रजीतलं कथासार, एक पानाचं पुरतं
- सलग एक तास, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं

स्पॅनिश यायलाच पाहिजे असं अजिबात नाही. येत असेल तर मजा वाढते एवढंच.

## १. सर्चमधे अडकू नका

हा पहिला सापळा. स्पेलिंग आहे झेड-ए-आर-झेड-यू-ई-एल-ए. स्पेनमधे उच्चार 'थारथुएला', लॅटिन अमेरिकेत 'सारसुएला'. आता हे नुसतं सर्चला टाकलंत की काय येईल? एक तर माशांचा रस्सा, कारण याच नावाचा कोळंबी-शिंपल्यांचा एक पदार्थ स्पेनमधे आहे. मग स्पेनच्या राजाचं निवासस्थान, कारण राजवाड्याचं नाव तेच (आणि नाटकाच्या प्रकारालाही नाव तिथूनच मिळालं, सुरुवातीचे प्रयोग तिथे व्हायचे). मग माद्रिदचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, तेही याच नावाचं. म्हणून नुसता हा शब्द टाकू नका, कायम नाटकाचं नाव अधिक संगीतकाराचं नाव असं शोधा. आणि पूर्ण प्रयोग हवा असेल तर शेवटी सी-ओ-एम-पी-एल-ई-टी-ए हा शब्द जोडा, म्हणजे 'संपूर्ण'. नाहीतर तीन-तीन मिनिटांचे तुकडे येत राहतात.

## २. लहान की मोठी, हे आधी ठरवा

थारथुएलाचे ढोबळ दोन भाग पडतात. मोठी म्हणजे दोन-तीन अंकी, दोन-अडीच तासांची. आणि लहान, जिला 'खेनेरो चिको' म्हणतात, एक अंक, साधारण तासाभराची.

नवीन माणसाने लहानापासूनच सुरू करावं असं माझं ठाम मत आहे, आणि फक्त वेळ कमी लागतो म्हणून नाही. यामागची हकीकत ऐका. १८६८मधे स्पेनमधे क्रांती झाली, राणीला देश सोडावा लागला, लोकांच्या हातात पैसा नव्हता. तेव्हा माद्रिदमधल्या काही नटांनी शक्कल काढली की अख्ख्या रात्रीच्या नाटकाऐवजी तासातासाचे प्रयोग लावायचे, प्रत्येक तासाचं तिकीट वेगळं आणि स्वस्त. कामावरून सुटलेला माणूस एक तास बसून घरी जाऊ शकत होता. हे इतकं चाललं की आल्काला रस्त्यावरचं तेआत्रो आपोलो, जे १८७३मधे उघडलं होतं, ते या प्रकाराचं देऊळच झालं. रात्री चार खेळ, आणि चौथा, मध्यरात्रीनंतरचा, सगळ्यात गाजलेला. तिथे उमराव आणि हमाल एकाच छपराखाली बसायचे. म्हणजे तासाभराच्या त्या चौकटीत कमीत कमी वेळात हसवायचं, रडवायचं आणि चार गाणी लोकांच्या तोंडी बसवायची, हे या लेखक-संगीतकारांना साधायलाच लागायचं, नाहीतर पुढच्या तासाला दुसरं नाटक तयार होतं. एक ओळ फुकट नसते यात.

## ३. पहिली थारथुएला: 'ला वेर्बेना दे ला पालोमा'

इथे पर्याय देत बसत नाही. हीच घ्या.

संगीत तोमास ब्रेतोन, संहिता रिकार्दो दे ला वेगा, पहिला प्रयोग १७ फेब्रुवारी १८९४, तेआत्रो आपोलो. गंमत म्हणजे हे काम आधी रुपेर्तो चापी या दुसऱ्या संगीतकाराकडे जायचं होतं, त्याचं आणि थिएटरवाल्यांचं बिनसलं आणि ते ब्रेतोनकडे आलं. ब्रेतोन गंभीर माणूस, त्याला स्पॅनिश ऑपेरा उभा करायचा होता. आणि लोकांनी त्याला कायमचं लक्षात ठेवलं ते या तासाभराच्या नाटकासाठी.

गोष्ट एवढीशी आहे. ऑगस्टमधली रात्र, माद्रिदच्या जुन्या वस्तीत पालोमाच्या देवीची जत्रा. हुलियान हा छापखान्यात खिळे जुळवणारा तरुण कंपोझिटर. त्याचं सुसानावर प्रेम आहे. पण सुसाना आणि तिची बहीण कास्ता जत्रेला निघाल्यात डॉन इलारियोन नावाच्या एका म्हाताऱ्या केमिस्टबरोबर, कारण त्याच्याकडे पैसे आहेत आणि तो खर्चही करतो. हुलियान जळफळतो, जत्रेत भांडण होतं, पोलीस येतात, शेवटी जुळतं. बस.

पण सुरुवातीचा प्रवेशच बघा कसा रचलाय. उकाड्याची रात्र, केमिस्ट दुकानाबाहेर खुर्ची टाकून मित्राशी औषधांवर गप्पा मारतोय, विज्ञान किती पुढे गेलंय, एरंडेल तेलसुद्धा आता घ्यायला पूर्वीसारखं वाईट लागत नाही. हे सगळं गाण्यात, अगदी गंभीर चेहऱ्याने. त्याच वेळी स्टेजच्या दुसऱ्या बाजूला दारूच्या गुत्त्यापाशी पत्ते चाललेत, तिसरीकडे दारवान आणि त्याची बायको, आणि हुलियान एका बाजूला स्वतःचं दुःख गातोय. चार वेगवेगळी संभाषणं एकाच ऑर्केस्ट्रावर तरंगत असतात आणि तरी कुणाचा गोंधळ होत नाही. अख्खी वस्ती पाच-दहा मिनिटांत डोळ्यांसमोर उभी राहते. मला यातलं काहीही न समजता पहिल्यांदा ऐकतानासुद्धा उकाडा जाणवला होता.

ऐकताना या जागा पकडा:

- डॉन इलारियोनचं एक काळीसावळी आणि एक गोरी अशा दोघींवरचं गाणं. म्हातारा खुशीत आलाय, ऑर्केस्ट्रा त्याच्यासारखाच तुरुतुरु चालतो.
- कॅफेतलं फ्लामेन्को गाणं. नाटकातली पात्रं ते ऐकताहेत, म्हणजे गाण्याच्या आत गाणं.
- रात्रीचा गस्तवाला आणि दोन शिपाई राजकारणाला नावं ठेवत बसतात तो छोटा प्रवेश. एकदम शांत, अंधारलेलं संगीत. बरेच जण हा पुढे ढकलतात, तुम्ही ढकलू नका.
- आणि हुलियान जत्रेच्या वाटेवर सुसानाला अडवतो तो. ती भरजरी मनिला शाल पांघरून नटून निघालीय, हा विचारतो कुठे निघालीस. चाल हबानेराची, म्हणजे क्युबाहून आलेला हळू, झुलता ताल. माणूस रागाने फुटायला आलाय आणि चाल मात्र झुलतेय, त्यामुळे तो राग जास्तच लागतो.

## ४. लिब्रेतो मिळवा आणि तो वाचायचा कसा ते समजून घ्या

यातली बहुतेक नाटकं कॉपीराइटबाहेर गेलीत, आणि जुने छापील लिब्रेतो स्पेनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात आणि इंटरनेट आर्काइव्हवर फुकट सापडतात. नोटेशन हवं असेल तर आयएमएसएलपी या फुकट नोटेशनच्या साइटवर बघा. १९२०-३०च्या दशकातल्या थारथुएलांचं मात्र सगळं फुकट मिळेल असं धरू नका, त्यांचे लेखक-संगीतकार बरेच नंतर वारले.

लिब्रेतो उघडलात की दोन शब्द सतत दिसतील, 'मूसिका' आणि 'आब्लादो'. पहिल्याखालचं गायचं, दुसऱ्याखालचं बोलायचं. आकडा घालून गाणी मोजलेली असतात, त्यामुळे रेकॉर्डिंगमधे कितवं गाणं चाललंय ते लगेच सापडतं. पहिल्या पानावर प्रयोगाची तारीख आणि थिएटर, दुसऱ्यावर पात्रं आणि पहिल्या संचातले नट. तिथेच ठिकाण आणि काळही लिहिलेला असतो, तो वाचाच.

दोन सापळे इथे आहेत.

पहिला, 'कान्ताब्लेस'. त्या काळी प्रेक्षकांना विकायला फक्त गाण्यांच्या स्वस्त पुस्तिका छापायचे, आपल्याकडे नाटकाच्या पदांची पुस्तकं मिळायची तशाच. त्याही स्कॅन होऊन त्याच नावाने पडल्यात. आठ-दहा पानांचंच काही हाती आलं तर समजा की ती पुस्तिका आहे, संवाद त्यात नाहीत.

दुसरा सापळा ट्रान्सलेट ॲपचा. पात्रं माद्रिदच्या वस्तीतली बोली बोलतात आणि ती तशीच छापलेली असते, शब्दांची शेपटं गळालेली. 'पारा'चं 'पा', 'नादा'चं 'ना', 'सेन्योरा'चं 'सेन्या'. ॲप याचं काहीच्या काही करतं आणि मग तुम्हाला वाटतं नाटकच विचित्र आहे. म्हणून आधी कथासार वाचा, प्रवेश समजून घ्या, मग फक्त गाण्यांच्या ओळी एकेक करून लावून बघा. सगळं ओळीवार समजण्याचा हट्ट पहिल्या वेळी धरू नका.

## ५. रेकॉर्डिंग निवडताना

बहुतेक ऑडिओ रेकॉर्डिंगमधे संवाद कापलेले असतात किंवा नावापुरते ठेवलेले असतात. एलपीवर जागा नव्हती, सीडीवाल्यांनी तेच पुढे चालवलं. म्हणून तुम्ही पन्नास मिनिटं ऐकलंत आणि गोष्ट कळली नाही तर दोष तुमचा नाही. कथासार हाताशी ठेवून ऐका, किंवा सरळ व्हिडिओ बघा.

ऑडिओसाठी माझी पहिली पसंती १९५०च्या दशकातली आताउल्फो आर्खेन्ताने कंडक्ट केलेली रेकॉर्डिंग्ज. आवाज जुना आहे, मोनो आहे, पण गायक-नटांना ती बोली रक्तातून येते आणि ताल कुठेही ढिला पडत नाही. १९५८मधे तो तरुण वयातच गेला, तेवढ्यात त्याने थारथुएलांचा ढीग रेकॉर्ड करून ठेवला हे आपलं नशीब. स्वच्छ स्टीरिओ हवा असेल तर १९९०च्या दशकात आंतोनी रोस मार्बाने केलेली घ्या, त्यात प्लासिदो दोमिंगो, मारिया बायो, आल्फ्रेदो क्राऊस अशी मंडळी आहेत.

व्हिडिओत, माद्रिदच्या तेआत्रो दे ला थारथुएलाच्या यूट्यूब चॅनेलवर त्यांच्या प्रयोगांची प्रक्षेपणं आणि भरपूर साहित्य असतं, तिथून सुरू करा. त्याशिवाय १९६०च्या दशकाच्या शेवटी हुआन दे ओर्दुन्या या दिग्दर्शकाने स्पॅनिश टीव्हीसाठी अनेक थारथुएलांचे सिनेमे केले. त्यात पडद्यावरचे नट आणि गाणारे आवाज वेगवेगळे आहेत, म्हणजे आपल्या सिनेमातल्या प्लेबॅकसारखं, आपल्याला ते अजिबात खटकत नाही. रंग भडक, सेट स्टुडिओतले, पण गोष्ट कळायला याच्याइतकं सोपं काही नाही.

## ६. दुसरी ते सहावी

वेर्बेना दोनदा-तीनदा झाली की हा क्रम ठेवा.

'ला ग्रान विया', १८८६, संगीत फेदेरिको चुएका आणि होआकिन वाल्वेर्दे. माद्रिदमधे जुनी वस्ती पाडून मोठा रस्ता काढायचं चाललं होतं, त्यावरचं हे नाटक. पात्रं कोण, तर शहरातले रस्ते आणि चौक. ते सगळे जमून नव्या रस्त्याबद्दल कुरकुर करतात. तीन पाकीटमारांचं गाणं आहे, मोलकरणीचं गाणं आहे जी मालकिणीला कसं फसवायचं ते शिकलेय. आणि हे नाटक गाजून २४ वर्षं झाल्यावर, १९१०मधे, त्या खऱ्या रस्त्याचं काम सुरू झालं! जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने हे इटलीत तुरीनला बघितलं होतं आणि त्या तीन चोरांवर तो बेहद्द खूश झाला होता. गोष्ट अशी फारशी नाहीच, सुटे सुटे प्रवेश आहेत, त्यामुळे कमी समजलं तरी चालतं.

'ला रेवोल्तोसा', १८९७, रुपेर्तो चापी. चाळीतली गोष्ट आहे, अक्षरशः चाळीतली. मधे चौक, भोवती गॅलऱ्या, माद्रिदमधे याला 'कोर्राला' म्हणतात. मारी-पेपा नावाच्या एका देखण्या बाईमागे चाळीतले सगळे लग्न झालेले पुरुष लागलेत आणि त्यांच्या बायका मिळून त्यांना धडा शिकवतात. गिरगाव-परळचं ज्याला माहीत आहे त्याला इथे कथासारसुद्धा लागणार नाही. मारी-पेपा आणि फेलिपेचं द्वंद्वगीत हे माझ्या मते या अख्ख्या परंपरेतलं सर्वात सुंदर द्वंद्वगीत आहे. दोघंही मानी, कुणीच आधी कबूल करायला तयार नाही, आणि ऑर्केस्ट्रा मात्र त्यांच्या आधीच सगळं सांगून मोकळा होतो.

मग मोठ्यांकडे वळा. 'एल बार्बेरिल्यो दे लावापिएस', १८७४, फ्रान्सिस्को आसेन्खो बार्बिएरीचं, न्हावी आणि शिंपीण मिळून राजकीय कटात अडकतात. बार्बिएरी म्हणजे १९व्या शतकातल्या पुनरुज्जीवनाचा खांब. 'दोन्या फ्रान्सिस्किता', १९२३, आमादेओ विवेस, मूळ गोष्ट लोपे दे वेगा या स्पॅनिश नाटककाराच्या जुन्या नाटकातली. आणि 'लुईसा फर्नांदा', मोरेनो तोर्रोबा, २६ मार्च १९३२. यात १८६८च्या क्रांतीच्या आसपासचा काळ आहे, लुईसाला एकीकडे चंचल कर्नल खाविएर आणि दुसरीकडे एस्त्रेमादुराचा पोक्त जमीनदार विदाल. छत्र्यांचा मासुर्का (एका नाचाच्या तालावरचं गाणं) सगळ्यांना आवडतो, पण शेवटच्या प्रवेशात विदाल काय करतो तिकडे लक्ष ठेवा. सांगत नाही.

आता, टेनर. १९९०मधे रोमला तीन टेनर्सची ती प्रसिद्ध मैफल झाली, त्यात दोमिंगोने एक स्पॅनिश गाणं गायलं, 'नो पुएदे सेर'. तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलंही असेल, ऑपेरातलं समजून. ते १९३६च्या 'ला ताबेर्नेरा देल पुएर्तो'मधलं आहे, संगीत पाब्लो सोरोसाबाल. नाटकात लेआंद्रो हा दर्यावर्दी ज्या बाईवर जीव टाकतो तिच्याबद्दल लोक वाईटसाईट बोलताहेत आणि तो स्वतःला समजावतोय की ती तशी असूच शकत नाही. हे माहीत नसताना ते नुसतं वरच्या सुरांचं गाणं आहे. माहीत झाल्यावर परत ऐका. आणि दोमिंगोचे आईवडील दोघंही थारथुएलाचे गायक, मेक्सिकोत त्यांची स्वतःची कंपनी होती, पोरगा त्यातच वाढला. म्हणून त्याने हे शेवटपर्यंत धरून ठेवलं.

भारतवाल्यांसाठी जाता जाता, पाब्लो लूनाच्या १९१८च्या 'एल निन्यो हुदियो'मधे गोष्ट माद्रिदहून अलेप्पोला आणि तिथून थेट भारतात राजाच्या दरबारात पोचते, एक 'भारतीय नृत्य'ही आहे. त्यात भारतीय असं काहीही नाही, पण सोप्रानोचं, म्हणजे उंच आवाजाच्या गायिकेचं, 'मी स्पेनहून आलेय' सांगणारं गाणं जबरदस्त आहे.

## ७. माद्रिदला जाऊन बघायचं असेल तर

तेआत्रो दे ला थारथुएला, खोवेयानोस रस्ता, मेट्रो बांको दे एस्पान्या. संसदेच्या मागेच. १८५६मधे बार्बिएरी आणि त्याच्या दोस्तांनी मिळून हे फक्त या नाटकांसाठी बांधून घेतलं, १९०९मधे आगीत जळालं, परत उभं राहिलं. २०१८मधे सरकारने हे ऑपेराच्या तेआत्रो रेआलमधे विलीन करायचं ठरवलं तेव्हा इथले कर्मचारी संपावर गेले, आणि तो बेत बारगळला. आपोलो मात्र वाचलं नाही, १९२९मधे बंद पडलं आणि पाडून तिथे बँक झाली.

आधी सीझन बघा, मग विमान. सीझन साधारण शरद ऋतूत सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो, आणि एक नाटक दोन-तीन आठवडेच चालतं. मधे बरेच दिवस थिएटर रिकामं किंवा नुसत्या मैफिली. त्यामुळे तारखा कळल्याशिवाय तिकीट काढू नका. ऑगस्टमधे पालोमाची खरी जत्रा असते, १५ ऑगस्टच्या आसपास, जुन्या वस्तीत लोक अजूनही त्या नाटकातल्यासारखे टोप्या-शाली घालून नाचतात, पण तेव्हा हे थिएटर बंद असतं. दोन्ही एकदम जमत नाही.

कागदपत्रं: शेंगेन व्हिसा लागतो. परत निघायच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध असलेला पासपोर्ट, फोटो, जाण्या-येण्याचं आणि राहण्याचं बुकिंग, बँक स्टेटमेंट, नोकरी-धंद्याचे कागद, आणि किमान ३०,००० युरो कव्हर असलेला प्रवास विमा. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो म्हणून लवकर लागा. नाटकाचं तिकीट व्हिसासाठी लागत नाही, ते व्हिसा हातात आल्यावर काढलेलं बरं, पैसे सहसा परत मिळत नाहीत.

सीट निवडताना: सरकारी थिएटर असल्यामुळे ऑपेराच्या मानाने तिकिटं स्वस्त असतात, आणि थिएटरच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, सर्चमधे वर येणारे दलाल जास्त पैसे लावतात. हॉल घोड्याच्या नालेच्या आकाराचा आहे, त्यामुळे बाजूच्या बॉक्समधून अर्धं स्टेज दिसत नाही. 'विसिबिलिदाद रेदुसिदा', म्हणजे 'इथून कमी दिसतं', असं लिहिलेलं असेल तर ती सीट सोडा, इथे नट स्टेजभर फिरत असतात. वरच्या मजल्यावरची पण समोरची सीट खालच्या बाजूच्या सीटपेक्षा केव्हाही चांगली. आणि स्पेनमधल्या बऱ्याच थिएटरांत एका बाजूला विषम आकडे आणि दुसऱ्या बाजूला सम असतात, म्हणजे ५ आणि ७ शेजारी-शेजारी, ५ आणि ६ नाही! दोघं जाणार असाल तर नकाशा बघूनच क्लिक करा.

स्टेजच्या वर एका पडद्याच्या पट्टीवर शब्द दिसतात, स्पॅनिश तर असतातच, इंग्रजी आहेत का ते त्या प्रयोगाच्या पानावर बघून घ्या. पण विनोदाच्या जागी लोक पट्टीच्या आधी हसतात, म्हणून कथासार वाचूनच जा. वेळेवर पोचा. एक अंकी नाटकात मध्यंतर नसतं, उशीर झाला तर आत सोडतीलच असं नाही. आणि एखादं गाणं फार रंगलं तर लोक 'बिस, बिस' ओरडतात, तो आपला वन्स मोअर. नेहमी देतात असं नाही, पण दिला तर मोठ्याने ओरडायला मुळीच लाजू नका.

माद्रिदशिवाय उत्तरेला ओविएदोच्या तेआत्रो काम्पोआमोरमधे दर वर्षी स्पॅनिश संगीत नाटकांचा महोत्सव असतो. शहर लहान, निवांत. जमलं तर जरूर.

## ८. स्पेनच्या बाहेरची थारथुएला

हे बहुतेक जण सोडूनच देतात. स्पॅनिश कंपन्या बोटीने जिथे जिथे गेल्या तिथे हे रुजलं आणि मग तिथल्या लोकांनी ते आपलं केलं. क्युबात एर्नेस्तो लेकुओनाचं 'मारिया ला ओ' १९३०चं, आणि गोन्सालो रोइगचं 'सेसिलिया वाल्देस' हवानाच्या तेआत्रो मार्तीत आलं २६ मार्च १९३२ला, म्हणजे ज्या दिवशी माद्रिदला 'लुईसा फर्नांदा' आलं त्याच दिवशी. पण दोन्ही ऐकून बघा, किती फरक. क्युबातल्यात गुलामगिरी आहे, रंगावरून माणसाची लायकी ठरवणं आहे, आणि ऑर्केस्ट्रात आफ्रिकन ताल. सेसिलियाचं प्रवेशाचं गाणं आधी ऐका, ती कोण आहे ते ती स्वतःच सांगते, आणि सगळं नाटक तिचं ते सांगणं खोडून काढत जातं.

फिलिपिन्समधे तर लोकांनी भाषाच बदलली. तागालोग आणि इतर स्थानिक भाषांमधे 'सारसुवेला' लिहिल्या गेल्या, सेवेरिनो रेयेसचं 'वालांग सुगात' १९०२चं, स्पॅनिश सत्ता नुकतीच गेली होती आणि नाटक त्याच सत्तेविरुद्धच्या लढ्यावर. म्हणजे ज्यांनी हा प्रकार आणला त्यांच्याच विरोधात तो वापरला. याचे प्रयोग आजही तिकडे होतात, कॉलेजचे ग्रुपही करतात, आणि व्हिडिओ शोधताना दोन्ही झेडच्या जागी एस घालून शोधा, आणि दुसऱ्या एसनंतर कुठे यू-डब्ल्यू लिहितात तर कुठे नुसता डब्ल्यू, दोन्ही स्पेलिंगं टाकून बघा.